गुरुवारची यादी

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर मी ओरडतो आणि तू रिसीव्हर आपटतेस, त्यापेक्षा पत्र बरं. आपल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे. सकाळी त्याच्या हातात दिलेलं दुपारी तुझ्या दुकानात पोचेल.

बातमी अशी, की नवा हुकूम आला. आजवर सीमेपलीकडून चोरून आलेल्यांना हुडकायचं काम सीमा विभागाचं होतं. त्यांची माणसं अख्ख्या जिल्ह्याला सात. आता ते काम आम्हा ठाण्यांवर आलंय. नाक्यावर, बाजारात, जिथे संशय येईल तिथे कागद मागायचे. कागद नसतील त्याला ठाण्यात बसवायचं आणि गुरुवारी विभागाची गाडी आली की यादीवर सही करून तिच्यात भरायचं. जिल्ह्यात पहिलं ठाणं निवडलं ते माझं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बढतीची फाईलही वर गेली आहे.

ठाण्यामागच्या जप्तीच्या मालाच्या गोदामातल्या मोडक्या सायकली बाहेर काढून जागा केली. बाकी काम सोपं आहे. यादी लेखनिक हवालदार तयार करतो, मला सहीला दीड मिनिट लागतं.

आप्पा कसे आहेत? वर्षभर तिकडे येणं झालं नाही, मनाला लागून आहे. या महिन्यात नक्की. त्यांना हे पत्र वाचून दाखव, फक्त हातात लाल पेन देऊ नकोस.

तुझा
ढब्बू

---

९ फेब्रुवारी

फौजदारसाहेब,

आपलं विजयपत्र पोचलं. कंडक्टरनं दोन्ही हातांनी दिलं, इतकं आपलं नाव झालंय. सायकली बाहेर आणि माणसं आत, ही व्यवस्था वाचून ऊर भरून आला. सायकलींवर निदान ताडपत्री टाका, त्या बिचाऱ्या इथल्याच आहेत.

एक विचारते. माझी अक्कल शिलाईमशीनपुरती, तेव्हा राग धरू नका. संशय येतो म्हणजे नेमकं काय होतं? नाक खाजतं? डावा डोळा फडफडतो? की माणसाच्या कपाळावर सीमा आखलेली दिसते? गेल्या वर्षी तुझ्याच हद्दीतला साखळीचोर पलीकडच्या एका भाजीवालीनं ओळखून दिला, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. आता चोर दिसला तर ती तुझ्या ठाण्याची पायरी चढेल का? चढली तर तू आधी चोराचं वर्णन विचारणार की तिचे कागद?

आप्पा ठीक आहेत. थोडं विसरतात. तुझं पत्र वाचून दाखवलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, आपण वसतिगृहातून लिहिलेली पत्रंसुद्धा लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचा. तुझ्या पत्रात त्यांनी एकही चूक काढली नाही. यावरून काय ते समज. दुकानात काजं-बटणं करायला यायची ती मावशी आता दिवसभर त्यांच्याजवळ असते. तिच्या हातून नीट जेवतात.

तुझे गणवेश मीच शिवते. या खेपेला छाती दोन इंच सैल ठेवू का?

ताई

---

१५ फेब्रुवारी

ताई,

टोमण्यांना पदक असतं तर सरकारला दरवर्षी तुलाच द्यावं लागलं असतं. छाती आहे तशीच ठेव. आता नीट ऐक.

मी इथे यायच्या आधीची गोष्ट. या ठाण्यानं एका ट्रकड्रायव्हरला दारू पिऊन गाडी चालवताना दोनदा पकडलं आणि दोनदा सोडलं. कागद कोणी मागितले नाहीत, कारण ते आमचं काम नव्हतं. पलीकडे त्याच्यावर माणूस मारल्याचा गुन्हा होता, तिथून पळून तो इकडे आलेला. तिसऱ्या वेळी त्यानं इथल्या पोस्टमनला चिरडलं. मी रुजू झालो तेव्हा त्या पोस्टमनची बायको रोज येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायची. काही मागायची नाही, बोलायची नाही. नुसती बसायची. तिला जाऊन सांगू का, की आमच्या ताईला डावा डोळा फडफडण्याचे विनोद सुचतात?

कायदा मी केलेला नाही. पटत नसेल तर तो बदलणारे निवडून द्या, मी तो बदललेला कायदाही असाच पाळीन. सात माणसांनी जिल्हा सांभाळायचा आणि आम्ही दोनशे जणांनी डोळे मिटून बसायचं, याला तुम्ही शहाणी माणसं दयाळूपणा म्हणता.

आणि तुझ्या भाजीवालीबद्दल. पंधरवड्यात आमच्याकडे वीस-बावीस तक्रारी यायच्या. या पंधरवड्यात सहा आल्या. गुन्हे कमी झाले, हे आकडे सांगतात. म्हातारा हवालदार तोंड वाकडं करतो, पण त्याचं तोंड मुळातच तसं आहे.

ढब्बू

---

२१ फेब्रुवारी

ढब्बूशेठ,

त्या बाईपुढे माझी मान खाली आहे, खोटं कशाला बोलू. पण दारुड्याला कोठडीत घालायला त्याचं जन्मगाव लागतं का रे? दोनदा दारू पिऊन सापडला, दोनदा तुमच्या लोकांनी कंटाळा केला. कंटाळा तुमचा आणि गोदामात भाजीवाली, असा हा न्याय.

सहा तक्रारी म्हणे! मी दुकान महिनाभर बंद ठेवलं तर माझ्याकडेही उसवल्याची एक तक्रार येणार नाही. लगेच फलक लावीन, की या दुकानातले कपडे उसवत नाहीत. आमच्या बाजारामागच्या बोळात परवा भरदुपारी एका गवंड्याला दोघांनी गाठून मारलं, हात मोडला. पलीकडचा आहे. त्यानं फळकुट बांधून हात गळ्यात अडकवला आणि घरात बसून राहिला. इथे अजून तुमचा हुकूम आलेला नाही, तरी त्याची हवा आली आहे. मारणारे दोघं रोज कोपऱ्यावर उभे असतात. ते इथले आहेत, त्यांच्याकडे कागद आहेत, तेव्हा चिंता नसावी.

आकड्यांवर इतका जीव असेल तर शून्यापर्यंत जा. मग ठाणंच बंद करता येईल, तो मात्र देशाचा फायदा.

आप्पांना बरं आहे. तू या महिन्यात येणार होतास. महिना संपत आला.

ताई

---

२ मार्च

ताई,

थट्टा बाजूला ठेव. मुद्द्याचं लिहितो आहे.

पुढच्या महिन्यात हुकूम तुमच्या गावालाही लागू होणार. साहेबांनी बैठकीत सांगितलं, की सुरुवात अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांच्या घरापासून करा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. मला ते पटलं. तेव्हा सरळ विचारतो, घरातल्या मावशीचे कागद तू पाहिलेस का? कुठली आहे ती? आधीच्या पत्रात तू तिच्याबद्दल एक ओळ लिहिलीस आणि पुढच्यात गाळलीस. माझ्या धंद्यात गाळलेली ओळ आधी वाचतात.

कागद नसतील तर तिला आजच रजा दे. आप्पांसाठी दुसरी बाई मिळेल. या प्रकरणात माझं नाव आलं तर फाईल वरून खाली यायला एक दिवस लागणार नाही.

तुझा भाऊ

---

५ मार्च

भाऊसाहेब,

मावशीचे कागद मी या डोळ्यांनी पाहिले आहेत, शिक्क्यासकट. झालं समाधान? तिला रजा देऊ म्हणतोस. मग तू येऊन आप्पांना आंघोळ घालशील? त्यांची नखं काढशील? वर्षभरात त्यांचा चेहरा कसा झालाय, ते दाढी ठेवतात की काढतात, एवढं तरी सांग बरं. नाही सांगता यायचं. तुला फाईल तोंडपाठ आहे.

आप्पा अगदी पहिल्यासारखे बोलतात. छापलेल्या पानासारखे. तुझी चौकशी करत नाहीत.

ताई

---

११ मार्च, सकाळ

ताई,

फोनवर तू रडत होतीस म्हणून पुन्हा विचारायला धीर झाला नाही. सोमवारी दुपारी तू दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस, मावशी पाणी भरायला गेली, आणि आप्पा दारातून निघाले ते आज तिसरा दिवस. बसस्थानकावर कोणीतरी त्यांना पाहिलं, एवढंच कळलं.

मी स्वस्थ बसलेलो नाही. चार शिपाई वेगवेगळ्या स्थानकांवर धाडलेत. आजूबाजूच्या अकरा ठाण्यांना मी स्वतः फोन केले, दोन्ही दिवस फोनला चिकटून आहे. सोबत पत्रकाचा मसुदा आणि तू पाठवलेला निरोपसमारंभातला फोटो. मजकूर असा आहे: 'हरवले आहेत. वय शहात्तर, अंगात पांढरा सदरा, चष्मा. स्मरण कमी झाले आहे. बोलणे शुद्ध व स्पष्ट, सुशिक्षित.' वाचून बरोबर असेल तर सही कर आणि दुपारच्या गाडीनं परत पाठव. चुकीचं असेल ते दुरुस्त कर. यातल्या एकेका शब्दावरून शोधणारा माणूस बघत असतो.

ढब्बू

---

११ मार्च, दुपार

ढब्बू,

मजकूर बरोबर आहे. सही केली आहे.

चष्मा घरीच राहिलाय, तेवढं खोडलं. लवकर शोध रे.

ताई

---

१२ मार्च

ताई,

आज दुपारी बारा वाजता तुझी मावशी माझ्या ठाण्यात आली. तुला न सांगता पहाटेची गाडी पकडून आली होती. नाक्यावर सगळ्यांना उतरवतात, ते चुकवायला अलीकडे उतरली आणि शेतांतून चालत आली. बाकावर बसली नाही, सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल, ओळख. तुला ओळखता येईल, तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. मी म्हणालो, "कागद?"

ती म्हणाली, "नाहीत." लेखनिकानं वही ओढली आणि नोंद केली. मग ती म्हणाली, "आता लिहून झालं ना? आता ऐका. तुमचे वडील आमची भाषा बोलतात. दोन महिने दुसरं काहीच बोलत नाहीत. तुम्ही त्यांना तुमच्या लोकांत शोधू नका, आमच्या लोकांत शोधा."

मी तिला वेड्यात काढलं. आप्पा आणि पलीकडची भाषा! तिनं आप्पांच्या पाठीवरचा डाग सांगितला, मग मी उठलो. गोदामात गेलो. गोदाम रिकामं होतं. आज गुरुवार. गाडी सकाळी नऊला गेली.

यादीची माझ्याकडची प्रत काढली. अनुक्रमांक चौदा. पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर. सोमवारी नाक्यावर सीमेकडे जाणाऱ्या बसमधून उतरवला. नाव सांगत नाही. कागद नाहीत. भाषा पलीकडची. खाली माझी सही.

ते तीन दिवस माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होते. मंगळवारी मी फोनवर होतो, मागून कोणी म्हातारा सारखा हाका मारत होता. मी शिपायाला सांगितलं, त्याला गप्प कर, मला ऐकू येत नाहीये. फोनवर तूच होतीस. आवाज मला ओळखता आला नाही, ताई. भाषा दुसरी असली की आवाजही दुसरा वाटतो. दाढी वाढलेली, चष्मा नाही, असं शिपाई सांगतात. मी जाऊन पाहिलंच नाही. वास येतो म्हणून मी तिकडे जात नसे.

पण मला एवढं सांग. माझं जे काय व्हायचं ते होऊ दे. 'बोलणे शुद्ध' या शब्दांखाली तू सही का केलीस?

ढब्बू

---

१३ मार्च

ढब्बू,

विचारलंस ते बरं केलंस. तुझ्यावर थुंकता थुंकता मला स्वतःचं तोंड पुसायचं राहून गेलं होतं.

नोव्हेंबरपासून आप्पांची भाषा हळूहळू जाऊ लागली. आधी वस्तूंची नावं गेली, मग वाक्यं. ते काहीतरी पुटपुटायचे, मला वाटायचं अर्थ नसलेलं बडबडतायत. एक दिवस मावशी सदऱ्याला बटण लावता लावता हसली आणि त्यांना उत्तर दिलं. आप्पा इतके खूश झाले, की तिचा हात धरून तासभर बोलत राहिले. तिनंच मला सांगितलं, की ते नऊ वर्षांचे असताना आईबरोबर रात्रीतून इकडे आले. आईनं वाटेतच बजावलं, आजपासून ही भाषा बंद. त्यांनी ती बंद केली. शाळेत, छापखान्यात, आपल्या आईच्या अंगावर, आपल्या दोघांच्या अंगावर, कुठेच एक शब्द सांडला नाही. आणि इथली भाषा अशी कमावली, की इथल्यांच्या चुका काढायची नोकरी मिळवली.

तुला कळवलं नाही, मावशीच्या कागदांबद्दलही खोटं लिहिलं, कारण तुझी फाईल. असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगू? मला लाज वाटली. गिऱ्हाइकं आली, की मी आप्पांच्या खोलीचं दार लावून घ्यायची. मंगळवारी मावशी मला म्हणाली, फोन करा, भावाला सांगा ते काय बोलतात. मी तिला म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतं. बुधवारी तुझं पत्रक आलं. पेन माझ्या हातात होतं, चष्मा खोडला आणि ते दोन शब्द ठेवले. वाटलं, बोलणं शुद्ध असं लिहिलं तर लोक जास्त आदरानं शोधतील.

तुझ्या हुकुमावर मी महिनाभर फुत्कारत होते आणि माझ्याच घरात तो हुकूम मी तुझ्याआधी लागू केला होता. आता हस हवं तर.

आप्पांचं ओळखपत्र माझ्या कपाटात होतं, ते हरवतात म्हणून. कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. त्यांना घेऊन ये. आणि मावशीला सोड. तिनं तुला जे सांगितलं, ते सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

ताई

---

१८ मार्च

ताई,

शनिवारी आप्पांना तुझ्या दारात सोडून मी पायरीवरूनच परत फिरलो. तू काही विचारलं नाहीस. म्हणून लिहितो.

गुरुवारची गाडी माणसं नेते ते केंद्र म्हणजे सीमेजवळचं जुनं खेळाचं सभागृह आहे. जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेषा तशाच आहेत आणि एकेका चौकोनात एकेक कुटुंब बसवलंय. आप्पा कोपऱ्यातल्या चौकोनात एकटे होते, पाय रेषेबाहेर जाऊ न देता. मी आप्पा म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. टोपीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. मग हात जोडून भराभर बोलायला लागले. मला एक शब्द कळेना. माझे वडील माझ्याशी बोलत होते आणि मी दुभाषा मागत होतो.

मावशी तिथेच होती. माझ्याच जीपमधून आणली होती, मागच्या सीटवर. केंद्रप्रमुखानं तिला पुढे बोलावलं. ती ऐकत राहिली, सांगेना. मी दोनदा म्हटलं, सांग. तेव्हा म्हणाली, "ते म्हणतात, जमादारसाहेब, मला कुठेही न्या. पण माझा मुलगा पोलिसात आहे, मोठा अधिकारी आहे. त्याला यातलं काही कळवू नका. त्याची नोकरी जाईल."

मी तिथेच खाली बसलो. त्या चौकोनात.

ओळखपत्र दाखवलं. केंद्रप्रमुख म्हणाला, ओळखपत्र खरं की बनावट ते तपासावं लागेल, भाषा तर पलीकडची आहे. मी लेखी दिलं, की हे माझे वडील आहेत, पुढच्या चौकशीला मी जबाबदार. आता चौकशी माझीही सुरू झाली आहे. फाईल खाली आली. ती कशी येते, ते पाहायला मिळालं.

मावशीबद्दल. तिची नोंद वहीत झाली होती. वहीच्या पानांवर क्रमांक असतात, ती विभागाकडून तपासली जाते, पान फाडता येत नाही. मी केंद्रप्रमुखाला दोन शब्द सांगून पाहिले. तो म्हणाला, "कागद आणा, घेऊन जा." तिनं आप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं आणि आपल्या चौकोनात जाऊन बसली. मंगळवारी तिला पलीकडे पाठवलं.

ढब्बू

---

२२ मार्च

फौजदारसाहेब,

दोन शब्द सांगून पाहिलेत, धन्य आहात. तिनं तुमच्याकडे यायला पहाटेपासून पायपीट केली, तिच्यासाठी तुमच्याकडे दोन शब्द निघाले. आप्पांचंही नाव यादीत होतं ना? ते निघालं. मावशीचं निघालं नाही, कारण वहीच्या पानांवर क्रमांक असतात. तुमच्या वहीचा मी आदर करते. तिच्याइतकं कठीण काळीज माझ्या ओळखीत दुसऱ्या कोणाचं नाही, तुमचंसुद्धा नाही.

आता कामाचं. आप्पा आल्यापासून जेवत नाहीत. आज आठवा दिवस. दोन-चार चमचे दूध जबरदस्तीनं जातं, तेही अर्धं सांडतं. डॉक्टर म्हणाले, शरीरात दोष नाही, त्यांना काहीतरी हवंय, ते विचारा. मी विचारते. ते एकच वाक्य म्हणतात. सकाळी उठल्यापासून तेच, माझा हात धरून, आधी हळू, मग रडकुंडीला येऊन, मग चिडून. मी पाणी दिलं, चादर दिली, खिडकी उघडली, बंद केली, जुनी मुद्रितं हातात दिली. ते मान हलवतात आणि पुन्हा तेच वाक्य म्हणतात. काल त्यांनी माझा हात सोडून दिला.

बाजारामागच्या बोळात गेले होते. सात दारांना कुलपं आहेत. गवंडीही गेला. विभागाच्या दुभाषाला विचारलं, तर त्याला महिनाअखेरीनंतर वेळ आहे. आप्पा महिनाअखेर पाहतील, असं मला वाटत नाही.

म्हणून ते वाक्य ऐकून ऐकून आपल्या अक्षरांत जसं जमेल तसं कागदावर उतरवलंय, सोबत जोडते आहे. तुमच्या गोदामात गुरुवारच्या आधी कोणी ना कोणी असेलच. या बाबतीत तुमचं ठाणं भरलेलं असतं. त्यांच्यापैकी कोणाला तरी वाचून दाखवा, अर्थ विचारा आणि पहिल्या गाडीनं कळवा. आयुष्यात एकदा तरी तुमचं ते गोदाम कोणाच्या उपयोगी पडू दे.

ताई

---

२५ मार्च

ताई,

गोदामात पाच जण आहेत. नवरा-बायको, दोन मजूर आणि एक म्हातारी. काल संध्याकाळी कागद घेऊन मी आत गेलो. उभ्यानंच वाचला.

पाचही जण खाली बघत राहिले. मग मजुरांपैकी एक म्हणाला, "आम्हाला ही भाषा येत नाही, साहेब. आम्ही इथलेच."

मी टोपी काढली, पट्टा काढला, बाहेर ठेवून आलो. त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. सांगितलं, हे माझे वडील म्हणतायत, त्यांना काय हवंय ते आम्हाला कळत नाही, ते जेवत नाहीत. पुन्हा वाचलं, हळूहळू. बायको नवऱ्याकडे बघायला लागली. त्यानं तिचं मनगट धरलं. "नाही साहेब, नाही येत."

मग मी म्हणालो, जो अर्थ सांगेल त्याला आत्ता सोडतो. तेव्हा ते जास्तच घाबरले. सांगणारा त्याच क्षणी पलीकडचा ठरतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं. शपथ घेतली, आप्पांची घेतली. मजूर भिंतीपर्यंत मागे सरकले. म्हातारा हवालदार दारातून म्हणाला, "साहेब, उठा. आता या कपड्यांना कोणी काही सांगणार नाही."

तिसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा म्हातारी रडायला लागली. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता. तिला कळलं होतं, ताई. शब्द न् शब्द कळला होता. मी तिच्याजवळ गेलो, कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, आजी, एवढंच सांगा, त्यांना काय हवंय?

तिनं डोळे पुसले, हात जोडले आणि म्हणाली, "मला ही भाषा येत नाही, साहेब."

तुझा कागद सोबत परत पाठवतो आहे.

ढब्बू